पाण्याचा गुंड

बालाघाटच्या एका सरकारी ऑफिसात सामानाची वार्षिक पडताळणी चालली होती. स्टोअरचे भोजराजबाबू एकेक वस्तू दाखवत होते आणि देवश्री मॅडम तिच्यावर नंबराचा स्टिकर लावत होत्या. साहेबांच्या खुर्चीलाही लागला, तेव्हा बाबू म्हणाले, "बरं झालं. साहेब नाही सापडले, तरी खुर्ची सापडन."

व्हरांड्यात पिण्याचं पाणी भरून ठेवलेल्या स्टीलच्या गुंडापाशी मॅडम थांबल्या. त्यावर नाव कोरलेलं होतं, सौ. पुष्पलता भोजराज.

"हा तर तुमच्या घरचा आहे, बाबूजी."

"हौ. उन्हाळ्यात इथं लोकायले प्यायले पाणी नसे, म्हणून तिनंच आणून ठेवलता."

पुष्पलताबाई आता नाहीत, हे मॅडमना माहीत होतं. त्या हळूच म्हणाल्या, "खाजगी वस्तू ऑफिसात ठेवता येत नाही. घरी घेऊन जा, आठवण राहील."

"घरी तिचं नाव वाचाले मी एकटाच आहो, मॅडम. इथं ज्याले तहान लागते, तो वाचते. ऑफिसले दान दिला म्हणून लिहा."

मॅडमनी नाव झाकणार नाही अशा बेताने गुंडाच्या मागच्या बाजूला स्टिकर लावला.

"चला, आता कपाटं पाहू," भोजराजबाबू म्हणाले.