मशेरीची डबी

"शेवंताआजी, फोनवर फुंकर मारा," पडद्यावरची भुलीची डॉक्टर म्हणाली. पित्ताशयाचं ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. शेवंताबाईंनी फुंकर मारली आणि फोनने तिचा वास घेतला.

"तंबाखूचा वास येतोय, आजी. तुम्ही तर नाही म्हणालात! अशाने भूल द्यायला धोका आहे."

शेवंताबाईंनी कनवट चाचपली. मशेरीचा विषय आजवर नवऱ्यासमोर कधी निघालाच नव्हता. शेजारी बसलेले दाजीबा घाईने म्हणाले, "मशेरी मी लावतो. माझाच वास असंल."

"मग आजोबा, तुम्ही फुंका."

दाजीबांच्या श्वासात फोनला नुसता चहा सापडला. डॉक्टरने हसू दाबलं.

शेवंताबाईंनी कनवटीची डबी काढून नवऱ्याच्या हातात ठेवली. "संपायच्या आत ही कोण भरून ठेवतं, मला काय कळत नव्हतं व्हय? आता नका भरू."