कच्चा लिंबू

"अगं, सगळे फोटो काळेपांढरे? आणि मी आईच्या हातापाया पडून मोरपंखी साडी मिळवलीय!" दहावीच्या निरोप समारंभात जुई कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून किंचाळली. "आण इकडे, सेटिंग बदलते."

"हात लावशील तर बघ!" शर्वाणी एवढ्या मोठ्यानं ओरडली की भाषण करणाऱ्या बाई थांबल्या.

कॅमेरा शर्वाणीच्या मामाचा. मामा गेल्या वर्षी गेला, आणि ही त्याच्या हातची शेवटची सेटिंग. "रंगांना भुलू नकोस, आधी उजेड बघ," म्हणायचा. तिनं कुरकुर केली की हसायचा. "हा कॅमेरा रॉ, म्हणजे कच्चे फोटो काढतो. रॉ फोटो म्हणजे कच्चा लिंबू गं, ठमे! लहानपणी लपाछपीत तू कधी आउट व्हायचीस का? तसाच हा. सेटिंग नुसती पडद्यापुरती, रंग आत शाबूत."

संध्याकाळी घरी शर्वाणीनं जुईसमोर फोटो कॉम्प्युटरवर उघडले. खरंच, साडी मोरपंखी! जुई आनंदानं मागे मागे जात कार्डावरच्या अगदी पहिल्या फोटोपर्यंत पोचली. तो मामाचा होता, शर्वाणीनंच काढलेला. आजवर तिनं तो कॅमेऱ्यातच पाहिला होता, काळापांढरा. इथे मात्र मामा त्याच्या भडक नारिंगी शर्टात खदखदून हसत होता. त्या शर्टाला अख्खं घर 'गाजरहलवा' म्हणायचं.

शर्वाणी रडता रडता हसली आणि तिनं कॅमेरा जुईपुढे धरला. "घे, कर रंगीत."

"नक्की? सकाळी तर चावायला उठली होतीस!"

"सेटिंग गेली तर गेली. मामा कच्चा लिंबू आहे गं. तो आउट होत नाही."