गुरुवारी चारनंतर

मंदीत नोकरी गेली तेव्हा त्याने मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि स्वतःच सॉफ्टवेअरची कामं घ्यायचं ठरवलं. या धंद्यात मुरलेल्या मित्राने एकच कानमंत्र दिला होता, "कुणी विचारलं तर लगेच 'मोकळा आहे' म्हणू नकोस. मोकळ्या माणसाला कुणी काम देत नाही." त्यामुळे फोन आला की तो कोऱ्या डायरीची पानं फडफडवायचा आणि ऐटीत सांगायचा, "गुरुवारी चारनंतर बघू." तीन गुरुवार असेच गेले. कुणी फिरकलं नाही.

एका सकाळी वडिलांनी दारातून विचारलं, "मोकळा आहेस का रे?"

"गुरुवारी चारनंतर," तो सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. तोवर वडील मान डोलावून गेलेही होते.

गुरुवारी बरोबर चार वाजता दारावर टकटक झाली. इस्त्रीचा शर्ट घालून, नीट भांग पाडून वडील उभे होते.

तो ओशाळला. "बाबा, काय काम होतं?"

"काम कसलं?" खुर्ची ओढत ते म्हणाले. "म्हटलं, एका गुरुवारी तरी कुणीतरी खरंच यावं."