रेंजची खिडकी

गौतमीच्या हातात सफरचंदांचं चित्र होतं आणि घशात शब्द अडकला होता. समोर दोन खुर्च्या. एकीवर जर्मन शिकवणाऱ्या हेमलता मॅडम, दुसरीवर बाहेरून आलेले परीक्षक. करायचं एवढंच होतं: आपण बाजारात आहोत असं समजायचं, भाव विचारायचा, किलोभर सफरचंदं मागायची, आभार मानायचे. रोजच्या बोलण्यापुरतं जर्मन. कोळवणहून विद्यापीठात येताना एसटीत तिनं ते इतकं घोकलं होतं, की शेजारची बाई म्हणाली, "पोरी, कुनाचा मंतर म्हनतीस गं?"

सगळं येत होतं. विहिरीच्या तळाशी पडलेल्या कळशीसारखं आत लख्ख दिसत होतं. वर तेवढं निघत नव्हतं. ओठ हलले, नुसता वारा गेला. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला. सावकाश, मोठ्यानं, बहिऱ्याला विचारावा तसा. पुन्हा वारा. मग ते मॅडमकडं वळले आणि आवाजही न उतरवता जर्मनमध्येच म्हणाले,

"हिला काहीच कळत नाही."

मॅडम जर्मनमध्येच म्हणाल्या, "हो. बिचारी नुसती मान डोलावते."

वर्षभरात पहिल्यांदाच गौतमीला जर्मन बोलणं मनात मराठी न करता कळलं. शब्दन् शब्द कळला. कळतंय मला, असं तिला ओरडून सांगायचं होतं. तेही ओठांशी येऊन विझलं.

"ठीक आहे, जा तू," मॅडम मराठीत म्हणाल्या.

निकालाची वाट बघायची गरज नव्हती. जर्मनीला नर्सिंग शिकायला जायची वाट ह्याच खोलीतून जात होती, आणि ती इथंच बुजली. बाहेर बाकावर भूगावची अपेक्षा, तिची वर्गमैत्रीण, आपल्या पाळीची वाट बघत होती. "कसा गेला गं?" तिनं विचारलं. गौतमी तिच्यापुढूनही तशीच निघून गेली. चांदणी चौक गेला, पौड गेलं, भाताची खाचरं आली. एसटीत ती ओठ मिटून बसून होती.

घरी मधल्या खोलीत आप्पा पडले होते. तिचे वडील, हैबतराव. एके काळचा भलरीचा गडी. भातकापणीला त्यांनी सूर धरला, की पल्याडच्या खाचरातले विळे थांबायचे. गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आल्यागेल्यानं कानाशी ओरडावं, "हैबतराव, मला वळखलं का? नाव सांगा माजं!" आप्पांनी ओठ हलवावेत, नुसता वारा यावा. मग माणसं चुकचुकत चहाकडं वळायची.

अख्ख्या घरात मोबाइलला रेंज यायची ती आप्पांच्या उशाशी, खिडकीत. त्यामुळं घरादाराचं बोलणं तिथंच उभं राहून व्हायचं. मोबाइल वाजला, की आप्पा तोंड भिंतीकडं फिरवायचे. आवाज सोसत नसेल म्हणून तिच्या भावानं, कैलासनं, सगळ्यांच्या रिंगा बारीक करून दिल्या होत्या.

"झाली का गं परीक्षा?" तिच्या आईनं, रंभाबाईंनी, चुलीपासूनच विचारलं.

"काहीच बोलता आलं नाही, आई."

"का? येत न्हवतं व्हय?"

"येत होतं. सगळं येत होतं."

"येत हुतं, तर मग बोलली का न्हाईस?"

गौतमी मधल्या खोलीत गेली. आप्पांच्या खाटेवर टेकली. मोबाइल खिडकीत ठेवला. ठेवल्या ठेवल्या त्यावर अपेक्षाचं नाव उजळलं. तिनं तो उचलला आणि अंगणाकडं निघाली.

आई चहा घेऊन आली होती. "भाईर कुटं रेंज हाय? हितंच बोल की. त्यास्नी काय कळतंय?"

गौतमी उंबऱ्यातच थांबली. दुपारचं वाक्य तिनं पुन्हा ऐकलं. ह्या वेळी मराठीत, आपल्या आईच्या तोंडून. नाव विझलं. आई चहा ठेवून आत गेली.

ती वळली. आप्पा तिच्याकडंच बघत होते.

मग त्या खिडकीत उभं राहून बोललेलं एकेक तिच्या अंगावर येऊ लागलं. आई मावशीला म्हणाली होती, "लई हाल झालं गं. आता न्यावं देवानं." कैलास फार्महाऊससाठी जमीन मागणाऱ्या एजंटला म्हणाला होता, "म्हातारा हाय तवर न्हाई जमायचं. थांबा जरा." जनार्दनकाका कुणाला तरी बजावत होते, "पावसाच्या आदी लाकडं आत घालून ठेवा म्हनावं हैबतीच्या पोराला. वक्ताला वली लाकडं पेटत न्हाईत."

आणि परवा ती स्वतः. हाच गज धरून, अपेक्षाशी, हसत हसत: "आप्पांचं एकदा काय ते झालं, की मी सुटले बघ. मग जर्मनी!"

ती खाली बसली. आप्पांचा डावा हात तिनं हातात घेतला. "आप्पा," ती म्हणाली. पुढं काय म्हणायचं ते आत लख्ख दिसत होतं. ओठ हलले, नुसता वारा गेला.

तिच्या मांडीवर मोबाइल पुन्हा उजळला. परीक्षेसाठी बंद केलेला आवाज तिनं अजून सुरू केलाच नव्हता. ना रिंग, ना थरथर. तिनं तो नुसता हातात घेतला.

आप्पांनी सावकाश तोंड भिंतीकडं फिरवलं.