उंचीला अर्धा इंच

शिवणवाल्या ताई सुताराच्या दुकानात शिरल्या त्या बोलतच. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेला ड्रॉवर, हातात वही आणि वहीत सतरा प्रश्न.

"मिस्त्री, रंधा लोखंडी घेऊ की लाकडी? पटाश्यांचा बारा नगांचा संच मिळतोय, तो घेऊनच टाकते. आणि करवतीचे दाते बारीक बरे की..."

"आधी बसा," मिस्त्री म्हणाले.

"बसूनच तीस वर्षं शिवलं हो. आता उभ्यानं काहीतरी करू द्या."

मिस्त्रींना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीतच ठेवलं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच अट घातली होती. त्यांच्या हत्यारांच्या कपाटाला एकाखाली एक असे दोन ड्रॉवर. वरचा शाबूत, खालच्याचा वाळवीनं फन्ना उडवलेला. तो नवा करायला ताईंना फळ्या दिल्या, माप सांगितलं, सांधा कसा कापायचा ते एकदा करून दाखवलं. ड्रॉवर नीट बसला तर दर रविवारी माझ्या कामाच्या बाकाचा अर्धा भाग तुमचा, नाही बसला तर हा नाद सोडा, असं रोखठोक सांगितलं. ताईंना दुसरी जागा नव्हतीच. घरी जेवणाच्या टेबलावर करवत चालवल्यापासून सूनबाई भातातला भुसा वेचून ताटाच्या कडेला मांडून ठेवत होती.

मिस्त्रींनी चादर सोडली. ड्रॉवर उचलून कपाटाशी नेला. रुंदी तंतोतंत. उंचीला मात्र अडला. तिरका करून पाहिला, तरी अडला. त्यांनी टेप लावली.

"अर्धा इंच जास्त आहे."

"हो, सोडलाय ना," ताई उत्साहानं म्हणाल्या.

"कशाला?"

"दुमडीला. पुढंमागं वाढवायचं झालं तर?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ताई, हा पोरीचा फ्रॉक नाही. कपाट वाढत नाही."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. तीस वर्षं प्रत्येक घेराला, प्रत्येक बाहीला त्या दुमड सोडत आल्या होत्या, आणि हाताने इथेही तेच केलं होतं. कुणी तरी आपल्याला भर वर्गात उभं केलंय असं त्यांना वाटलं. वही पिशवीत गेली. त्या चादर झटकू लागल्या.

"द्या इकडे. तुमचा वेळ घेतला."

पण मिस्त्रींचा हात ड्रॉवरच्या आत होता. कुणाचंही काम ते असंच पाहायचे. दर्शनी बाजू सोडून आधी आतल्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायचे. चारही कोपरे फिरून झाले. कुठे सरसाचा थेंब नाही, कुठे कुसळ नाही. मागची फळी, जी कपाटात गेल्यावर जन्मात कुणाला दिसणार नाही, तीही आतून घासून गुळगुळीत केलेली.

"आतून एवढं कशाला घासलंत? आत कोण बघतंय?"

"बघत नाही कुणी. पण टोचतं ना अंगाला," ताई म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन पुटपुटल्या, "म्हणजे, हाताला."

 मिस्त्रींच्या हाताखालून वीसएक जण शिकून गेले होते. आतून घासायला लावताना प्रत्येकाशी त्यांचं भांडण झालं होतं.

"जास्तीचं लाकूड काढता येतं," ते म्हणाले. "कमी पडलं असतं तर घरी पाठवलं असतं. पदर खोचा."

वरची जास्तीची पट्टी करवतीनं उतरवायला ताईंना पाऊण तास लागला. मग मिस्त्रींनी आपला रंधा त्यांच्या हातात दिला. पहिल्याच फटक्याला तो अडखळला आणि लाकडाचा टवका उडाला.

"लाकडालासुद्धा उभं-आडवं..." मिस्त्रींनी सुरुवात केली.

"असतं, कापडासारखं," म्हणत ताईंनी ड्रॉवर फिरवून उलट्या बाजूनं धरला. रंधा सरकन गेला. पातळ, अखंड साल गोल गोल वळत त्यांच्या पायावर पडली. त्या खळखळून हसल्या, आणि मग थांबायलाच तयार होईनात. मिस्त्रींना दोनदा "बास" म्हणावं लागलं.

मग बसवून बघायची वेळ आली. ताईंनी श्वास रोखून ड्रॉवर खणाच्या तोंडाशी धरला. तो आत शिरला. अर्ध्यावर गेला, पाऊण गेला, आणि आत कुणी तरी हलकेच अडवून धरल्यासारखा जड झाला. ताईंनी तळहातानं दाबला. तो शेवटपर्यंत गेला, आणि वरचा, मिस्त्रींनी केलेला ड्रॉवर, कुणी हात न लावता चार बोटं पुढे आला.

ताई दचकून मागे सरल्या. "मी काय बिघडवलं?"

"काही नाही." मिस्त्रींचा आवाज जरा वेगळाच लागला. "दोघांच्या मागची पोकळी एकच आहे. खालच्याला कुठे फट नाही. आतली हवा जाणार कुठून? तिनं वरच्याला ढकललं."

"म्हणजे बसला?"

 मिस्त्री बाकाकडे वळले आणि त्यावरचे डबे, पट्ट्या, सरसाचं भांडं अर्ध्या भागात सरकवू लागले.

ताईंनी वरचा ड्रॉवर आत लोटला. खालचा बाहेर आला. खालचा लोटला, वरचा बाहेर आला. त्यांनी पुन्हा वरचा लोटला.