अठ्ठ्याण्णव मार्क

होसकोटेच्या साइटवर मल्हारने क्रेनने पहिलाच गर्डर उचलला, आणि खाली उभ्या संग्रामच्या तोंडचं पाणी पळालं. संग्राम त्याचा मामा. बावीस वर्षं क्रेन चालवून आता मुकादम झालेला. बारा टनांचं लोखंड हेलकावे खात पुढे येत होतं, आणि बोल्ट घेऊन थांबलेले चार गडी बरोबर त्याच्या वाटेत होते.

"सायेब, थांबवूया. पोराचा हात बसल्याला न्हाई."

"टेन्शन नका घेऊ, अण्णा," इंजिनियर तनय म्हणाला. "सर्टिफाइड ऑपरेटर आहे. प्रॅक्टिकलला अठ्ठ्याण्णव मार्क आहेत."

गर्डर आणखी झुकला. संग्रामने धावत पुढे जाऊन दोन्ही हात आडवे पसरले. "हटा रे!" गडी पांगले. क्रेन कचकन थांबली.

"काम थांबवायला कोणी सांगितलं?" तनय भडकला. "भाच्यावर नसेल, तर त्याच्या मार्कांवर तरी विश्वास ठेवा!"

"मार्क खरे हाईत, सायेब." संग्रामने डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. "हेच घालून, गॉगल लावून, त्याच्या जागी मीच बसलो हुतो परीक्षेला."