साहेबांपुढे ठेवलेला अर्ज

सरकारी पत्रव्यवहारातून संगणकात पुन्हा घडवलेल्या जुन्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना शर्वाणीने परत विचारले, "माझ्या पणजोबांना नागरिकत्व का दिलं नाहीत?"

पडद्यावर तेच उत्तर उमटले. "आपला अर्ज पोचला. योग्य खात्याकडे पाठवला आहे."

"पणजोबांनाही हेच आलं होतं. ते वाट बघतच गेले," ती वैतागून म्हणाली. "यासाठी मी इतकी वर्षं घालवली?"

तिचा सहकारी देवदत्त हसला. "अगं, राष्ट्राध्यक्ष थोडेच पत्रं लिहीत बसायचे? लिहायचा सेक्रेटरी, सही तेवढी त्यांची. तू सेक्रेटरीच उभा केलास."

शर्वाणीने प्रश्न बदलला.

"तो अर्ज साहेबांपुढे ठेवलात?"

या वेळी पडद्यावर वेगळे उत्तर उमटले.

"नाही, बाईसाहेब. असले अर्ज वर न्यायचे नाहीत, हा माझाच नियम होता."